दिवा माझा, डोळे समोरच्याचे!

घरातला दिवा आपल्याला दिसावे म्हणून लावतात आणि दारातला दिवा येणाऱ्याला दिसावे म्हणून. मोटारसायकलच्या तोंडावरच्या दिव्याला ही दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात. चालवणाऱ्याला त्याने रस्ता दाखवायचा आणि समोरच्याला गाडी दाखवायची. हल्ली हे दिवे बदलून घेण्याची जी हौस तरुण मंडळींत दिसते, तिच्यात पहिले काम तेवढे लक्षात राहते आणि दुसऱ्याचा विसर पडतो. म्हणून या दिव्यांविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

हौस मुळीच वाईट नाही. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईला कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवर एक फेरी मारा. एचआयडी, एलईडी, प्रोजेक्टर अशी नावे कानांवर आदळतात आणि प्रत्येक दुकानदार रात्रीचा दिवस करून देण्याची हमी देतो. ज्याने पावसाळी रात्री ताम्हिणीचा किंवा वरंधचा घाट दुचाकीवरून उतरला आहे, त्याला ही हमी खोटी वाटली तरी गोड वाटते. मीही हे घाट पुष्कळदा उतरलो आहे आणि कंपनीने दिलेल्या दिव्याच्या पिवळट उजेडात खड्डा आणि सावली यांतला फरक ओळखताना जिवाची किती उलघाल होते, हे मला चांगले ठाऊक आहे. तेव्हा ‘आहे ते काय वाईट आहे?’ असा वडीलकीचा उपदेश मी करणार नाही. प्रश्न एवढाच, की बदलायचे काय?

त्यासाठी आधी जुना दिवा काम कसे करतो ते पाहू. बल्बच्या मागे चकचकीत वाटी असते, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. तिचा आकार भूमितीतल्या पॅराबोलाचा. या वाटीत एक विशिष्ट बिंदू असा असतो, की तेथे ज्योत ठेवली तर वाटीवर आपटलेले सगळे किरण समांतर होऊन बाहेर पडतात. ज्योत तेथून दोन मिलिमीटर जरी हलली, तरी किरण भलतीकडे जाऊ लागतात. १९७१ मध्ये युरोपात एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब आला, त्यात या गुणाचा मोठा चतुर उपयोग केला आहे. त्यात दोन तारा असतात. एक अप्परची, ती नेमकी त्या बिंदूवर. दुसरी डिपरची, ती किंचित पुढे; आणि तिच्याखाली पत्र्याची इवलीशी पळी. ही पळी वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही. त्यामुळे वर जाणारे किरण तयारच होत नाहीत, जे होतात ते रस्त्याकडे झुकतात. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत याच घराण्यातला ३५ वॉटचा धाकटा भाऊ असतो. सांगायचे तात्पर्य, वाटी आणि बल्ब हे जोडपे आहे. एकाच्या जागी तिसराच आणून बसवला, तर संसार बिघडायचाच.

आता सर्वांत स्वस्त सुधारणा सांगतो. तिची जाहिरात कोणी करत नाही, कारण तिच्यात दुकानदाराला फारसे काही मिळत नाही. पुष्कळ गाड्यांत दिव्याचा वीजप्रवाह बारीक वायरीतून हँडलवरच्या बटनापर्यंत जातो आणि तेथून परत येतो. या प्रवासात विजेची गळती होते. बल्बपाशी दाब दहा टक्क्यांनी उतरला, तर हॅलोजनचा उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो! बॅटरीपासून जाड वायर, मध्ये एक रिले आणि एक फ्यूज, एवढे एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले, की तोच बल्ब नव्यासारखा उजळतो. शंभर वॉटचा बल्ब जुन्याच वायरीवर चढवणारे मात्र आधी होल्डर वितळवतात आणि मग इलेक्ट्रिशियन शोधतात. काही जुन्या गाड्यांत दिव्याला बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोतून वीज मिळते. त्यात इंजिनाची धाप वाढली की दिवा वाढतो आणि सिग्नलपाशी तो पेंगतो. अशा गाडीचे वायरिंग मुळातून बदलल्याखेरीज कोणताही नवा दिवा नीट चालत नाही.

एचआयडी, म्हणजे बोलीभाषेत झेनॉन, हा निराळाच प्राणी. यात तार नसतेच. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात. दोन टोकांमध्ये ठिणगी पाडायला सुमारे वीस हजार व्होल्टचा धक्का लागतो. तो देणारी पेटी म्हणजे बॅलास्ट. आपल्या ट्यूबलाइटच्या चोकची पुढारलेली आवृत्ती म्हणा ना. मोटारीच्या डिपरमध्ये हा दिवा प्रथम १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७-सीरिज गाडीत आला. त्याचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. ५५ वॉटच्या हॅलोजन डिपरचा उजेड साधारण १,००० लुमेन, तर ३५ वॉटच्या झेनॉनचा ३,२०० च्या घरात. पण पूर्ण तेज यायला काही सेकंद लागतात, आणि मुख्य म्हणजे त्याच्या ज्योतीचा आकार आणि जागा तारेसारखी नसते. हॅलोजनच्या वाटीत झेनॉन खुपसला, की तिप्पट उजेड चहूकडे उधळतो. झाडांचे शेंडे दिसतात, दुसऱ्या मजल्यावरचे कपडे दिसतात आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. निळसर रंगाचा मोह तर सोडूनच द्यावा. ४,३०० केल्विनच्या दुधी पांढऱ्या दिव्याहून ८,००० केल्विनचा निळा दिवा मुळातच कमी उजेड देतो.

एलईडीने सध्या बाजार काबीज केला आहे. निळा एलईडी बनवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या निळ्या उजेडावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. वीज कमी लागते, पेटायला क्षणही लागत नाही, हे त्याचे गुण. पण उष्णता पुढे न जाता पाठीमागे साठते, म्हणून त्याला मागे पंखा किंवा पत्र्याचे पंख लागतात. मागे हवा खेळायला जागा नसेल तर चिप तापते आणि उजेड हळूहळू मंदावतो. खोक्यावर छापलेले लुमेन खोक्यातच राहतात. जागेचा प्रश्न इथेही आहेच. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना हॅलोजनच्या जागी बसवण्याची परवानगी मिळू लागली. पण तीसुद्धा कशी? ठरावीक बल्ब, ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यातच, मोजमाप करून पाहिल्यावर. पुन्हा तेच, जोडपे जमले पाहिजे.

मग प्रोजेक्टर कशासाठी? तो हे जोडपेच नव्याने जमवतो. त्याची वाटी लंबवर्तुळाकार असते आणि ती सारा उजेड पुढच्या एका बिंदूपाशी गोळा करते. तेथे एक धातूची पट्टी आडवी उभी असते आणि तिच्यापुढे जाड भिंग. सिनेमाच्या यंत्राप्रमाणे हे भिंग पट्टीच्या कडेचे उलटे चित्र रस्त्यावर टाकते: खाली उजेड, वर अंधार, मध्ये आखल्यासारखी रेघ. अप्पर द्यायचा असेल तेव्हा एक छोटे विद्युतचुंबक ही पट्टी बाजूला ओढते. पुण्याच्या बजाज कंपनीने २००७ मध्ये पल्सर २२० ला असा दिवा दिला, तेव्हापासून आपल्याकडे या भिंगाचे वेड वाढले. जुन्या दिव्यात प्रोजेक्टर बसवायचा तर काच तापवून डिंक सोडवावा लागतो, आत भिंगाला पुरेशी खोली लागते आणि काच परत घट्ट बसली नाही तर पहिल्याच पावसात आत दव जमते. घेताना एक गोष्ट जरूर विचारावी. उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी केलेल्या दिव्यात ती रेघ उजवीकडे वर चढते. आपण डावीकडून चालतो. म्हणजे तो चढ नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आमच्याच इमारतीतल्या एका तरुणाने मध्यंतरी नवा एलईडी बसवला. रात्री खालून हाक आली, “काका, दोन मिनिटं खाली या ना! दिवा बघा, नुसता दिवस उजाडतो.” मी उतरलो, गाडीवर बसलो. उजेड खरोखरच झगझगीत होता. म्हटले, “आता तू फाटकापाशी जाऊन उभा राहा बघू.” तो गेला आणि त्याने लगेच डोळ्यांवर हात धरला. मग मी रखवालदाराची काळी बादली दिव्याच्या हातभर बाजूला ठेवली.

“माझ्या बाजूला काय ठेवलंय सांग!”

“काही नाही, काका. काही ठेवलंय का?”

“बादली. पण तिथे एखादं पोर उभं असतं तर?”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जुना बल्ब परत चढला होता.

दिपणे म्हणजे नुसता त्रास नव्हे. तीव्र उजेड डोळ्यात शिरला की आतल्या आत विखुरतो आणि बाकीच्या दृश्यावर जणू पांढरा पडदा पडतो. वय वाढते, मोतीबिंदू धरू लागतो, तसे हे विखुरणेही वाढते. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागू शकतो. तो सराव मोडायला एक झगझगाट पुरतो. आता हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक पळते. समोरचा तीन सेकंद आंधळा झाला, तर पन्नास मीटर तो आंधळेपणी येतो, आणि येतो तो आपल्याच दिशेने. त्याने वाट चुकली तर दुचाकीवरच्या माणसाला आडोसा कशाचा? त्यातून आपल्याच रक्षणासाठी समोरच्याचे डोळे शाबूत हवेत, हे उघड आहे.

कायद्यालाही हे मान्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम म्हणतो, की आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही असा दिवा खाली वळवलेला असावा, किंवा तसा वळवता यावा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागतात, ते गाडी इतरांना दिसावी म्हणूनच.

ही परीक्षा घरीच करता येते. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सरळ उभी करा, वर बसा आणि डिपर लावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा. उजेडाची वरची कड या रेघेच्या निदान दहा सेंटिमीटर खाली हवी. मग सौभाग्यवतींना मागे बसण्याची विनंती करा. गाडीची शेपटी नुसती तीन सेंटिमीटर दबली, तरी भिंतीवरचा उजेड सुमारे पाव मीटर वर चढतो! दोष त्यांच्या वजनाचा नव्हे, स्प्रिंगचा आहे. मागचा सस्पेन्शन कडक करा किंवा दिवा वाकवा. वळणावरही दिवा गाडीबरोबर कलतो. डाव्या वळणात डावीकडचा उजेड जवळच पडतो आणि उजवीकडचा वर उठतो. हे टाळण्यासाठी बीएमडब्ल्यूने के-१६०० या गाडीच्या दिव्यात कलत्या गाडीबरोबर फिरणारा आरसा बसवला. आपल्याकडे तो आरसा नाही. वेग कमी करणे मात्र सर्वांच्या हाती आहे. ओल्या डांबराचे तसेच. त्यावरून उजेड आरशासारखा पुढे सटकतो, आपल्याकडे परततच नाही. तेथे जास्त लुमेनने काम भागत नाही.

तेव्हा क्रम असा धरा. आधी काच पुसा, मग वायरिंग पाहा, दिव्याचा कोन साधा, चांगल्या प्रतीचा योग्य बल्ब घाला. इतके करून भागले नाही, तर जाणत्या कारागिराकडून डावीकडच्या वाहतुकीचा प्रोजेक्टर बसवा. आणि नवा दिवा बसला की घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. त्यांचा हात डोळ्यांवर गेला नाही, तर पैसे सत्कारणी लागले असे खुशाल समजा.