मण्यांच्या दुकानातलं आप्तवचन

हातानं घडवलेल्या दागिन्यांचा स्टॉल लावायचा, म्हणून तुम्ही पुण्यात बोहरी आळीत मणी-तारा घ्यायला गेलात. दुकानदार म्हणतो, 'पितळच आहे.' मानायचं का? उद्या गिऱ्हाईक तुम्हालाही हेच विचारणार. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण बोलणारा आप्त हवा: वस्तू जाणणारा आणि ती आहे तशी सांगू इच्छिणारा. वात्स्यायन म्हणतो, ऋषी असो की म्लेच्छ, लक्षण एकच! (दुकानाची पाटी किती जुनी, हे गौण.) तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला, तर आत लोखंड. नाही चिकटला म्हणून पितळच, हे मात्र अनुमान चुकीचं. जस्तालाही तो चिकटत नाही. भाव काढताना माळेतले फुटके मणी वगळा. आणि 'याचा मुलामा घामानं उतरेल हं' असं आपणहून सांगणारा भेटला, तर दोन रुपये जास्त पडले तरी पुढचा माल त्याच्याकडूनच घ्या.