स्वरसासाठी मंडूकपर्णी : छायागृहातील एक वाफा

पंचविध कषायकल्पनांमध्ये स्वरस सर्वांत गुरू. म्हणूनच शार्ङ्गधरांनी त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम, एवढीच सांगितली. चरकांनी मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरसच घेतला आहे. परंतु ही ताजी वनस्पती आपल्याकडे कोठून येते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ओलाव्याच्या ओढीने ती गटाराच्या कडेलाही फोफावते आणि मातीतील जड धातू शोषून घेते. स्वरसाला अग्निसंस्कार नाही; पानावर जे असेल ते थेट रुग्णाच्या पोटात जाते.

या धास्तीपोटीच चिकित्सालयामागील परसात मी २० फूट लांब व १० फूट रुंद छायागृह उभारले. देशावरच्या वैशाखी उन्हात उघड्यावरील कोवळी पाने करपतात. बांबूचे खांब, ८ फूट उंची आणि वर ५० टक्के सावली देणारी शेडनेट, एवढ्यावर काम भागते. अधिक दाट जाळीचा मोह टाळावा. तिच्याखाली देठ लांबतात, पाने विरळ होतात. पहिल्या वर्षी मी चारही बाजू जाळीने बंद केल्या. हवा कोंडली, बुरशी आली, अर्धा वाफा कुजला. आता उतरत्या उन्हासाठी केवळ पश्चिमेची बाजू झाकतो. पावसाळ्यात ढगांचीच सावली पुरते, म्हणून वरची जाळीही काढून ठेवतो. त्या दिवसांत वाफे उंच हवेत, नाहीतर पाणी साचते.

रोपे घेताना डोळे उघडे ठेवावेत. रोपवाटिकेत ‘ब्राह्मी’ मागितली की कधी मंडूकपर्णी हाती येते, तर कधी जलनिंब. मंडूकपर्णीचे पान गोलसर, वृक्काकार व दंतुर. जलनिंबाचे लहान, मांसल व अखंड कडांचे. दोन्ही औषधी खऱ्या, पण एकीच्या जागी दुसरी देणे योग्य नव्हे.

जमिनीवर पसरणाऱ्या खोडाचे मुळे फुटलेले तुकडे फूटभर अंतरावर लावावेत. खत पूर्ण कुजलेलेच, पाणी विहिरीचे. कच्चे शेण व कीटकनाशक वर्ज्य. गोगलगायी मी हातानेच वेचतो. साधारण तीन महिन्यांनी पहिली कापणी मिळते.

औषधालयचालकांनी सुक्या मालावरच विसंबून का राहावे? शुष्क द्रव्य दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजवून रस काढण्याची सोय शास्त्रात आहे खरी, पण ती ओले द्रव्य न मिळाल्यास. माझ्या वाफ्यातली पाने सकाळी कापून, धुऊन, लगेच कुटली जातात आणि रुग्ण तेथेच स्वरस घेऊन जातो.