खड्डा भट्टीत बुजत नाही

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये न भाजलेल्या सिरॅमिक जॉबचा विषय निघाला, की ठरलेलं वाक्य येतं: ‘कच्चाच हाय की, खडूगत कापतोय. फिनिशचं काय, भट्टीत सगळं आवळून येतंय.’ बीड (कास्ट आयर्न) कापण्यात हयात घालवलेली माणसंही हे म्हणतात, तेव्हा राहवत नाही.

‘आवळून येतंय’ याचा हिशेबच मांडू. दाबून केलेल्या ॲल्युमिनाच्या जॉबमध्ये भुकटी साधारण 60 टक्के जागा व्यापते. भाजताना मधली पोकळी जाते आणि प्रत्येक माप सुमारे 15 टक्क्यांनी घटतं. म्हणून 100 मिमी हवं तर कच्चा जॉब 118 मिमीच्या आसपास ठेवतात. कापताना पृष्ठभागावर पडलेल्या खड्ड्यालाही हाच नियम. 50 मायक्रॉनचा खड्डा 42-43 मायक्रॉनचा होऊन भट्टीबाहेर येतो. कणांमधली बारीक पोकळी भट्टी भरते, टूलने उपटलेली जागा नाही. प्रश्न दिसण्यापुरताही नाही. असा खड्डा चिरेसारखाच वागतो, आणि ठिसूळ वस्तूची ताकद तिच्यातली सर्वांत मोठी चीर ठरवते, हे ग्रिफिथ या अभियंत्याने 1920 मध्येच काचेवर दाखवलं. चीर चौपट, तर ताकद निम्मी.

खड्डा पडतो कारण टूल इथं कण कापतच नाही. ॲल्युमिनाचा कण मोह्स मापावर 9. टूल फक्त कणांना धरून ठेवणाऱ्या बाइंडरचे बंध तोडून कण सुटा करतं. एचएसएसची धार बघता बघता जाते आणि मग कण गठ्ठ्यानं उपटून येतात. टूल जिथून बाहेर पडतं, ती कड सर्वांत आधी उडते. म्हणून कार्बाइड वापरा, लॉट मोठा असेल तर पीसीडी (हिऱ्याच्या कणांचं टूल). कडेपाशी फीड कमी करा, नाहीतर आधीच चॅम्फर मारून घ्या. ‘नंतर ग्राइंडिंग करू’ म्हणणाऱ्यांनी डायमंड व्हीलचा भाव आधी विचारावा.

‘कूलंट सोडला की झालं.’ पीव्हीएसारखा बाइंडर पाण्यात विरघळतो; कोरडंच कापा.

‘चकमध्ये करकचून आवळा.’ तडा तिथंच जातो, दिसतो भाजल्यावर.

‘असलं काम आपल्याकडे कोण करतं?’ दाताच्या लॅब करतात. झिर्कोनियाची कॅप अर्धवट भाजलेल्या ठोकळ्यातून 20-25 टक्के मोठी कोरतात, मग पूर्ण भाजून मापात आणतात.

‘धूळच ती, झाडून काढू.’ ती स्लाइडवेज घासते आणि फुफ्फुसात जाते. टूलच्या तोंडाशीच सक्शन लावा, कारागिराला मास्क द्या.