भाव सांगताना आवाज का खाली जातो?

मेथीची जुडी विकताना आमच्या किकवीतल्या बाईचा आवाज ऐकावा. गिऱ्हाईक म्हणालं, "पाच रुपये कमी करा," की ती जुडी परत टोपलीत ठेवते. "राहू द्या, दुसरीकडं बघा," म्हणते आणि पुढच्याशी बोलायला लागते. तीच बाई घरची शेंगदाण्याची चटणी घेऊन पुण्यातल्या प्रदर्शनात बसली की भाव विचारल्यावर खाली बघते. "द्या काय द्यायचं ते," म्हणते. पाकिटावर किंमत छापलेली असतानासुद्धा!

मी बचत गटांतल्या बायकांना विक्रीची तयारी करून देते. आमच्या भोर-वेल्ह्यात गट आता नवे राहिलेले नाहीत. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी या खोऱ्यांमधून ते वर्षानुवर्षं बांधले, पुढे सरकारचं 'उमेद' अभियान आलं. बचत, कर्ज, हप्ता यात आमच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. गाडी अडते ती विकायच्या वेळी.

मेथीचा भाव पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात निघतो. तो बाईने ठरवलेला नसतो, त्यामुळे सांगताना तिला काही वाटत नाही. चटणीचा भाव मात्र तिचा तिने ठरवायचा. मेथी कुणी नाकारली तर मेथी नाकारली. चटणी नाकारली की आपल्या हाताला नावं ठेवल्यासारखं वाटतं. त्यात हा पदार्थ जन्मभर पाहुण्याच्या ताटात वाढलेला. त्याचे पैसे मागायचे म्हणजे जेवायला बोलावून शेवटी बिल पुढे करण्यासारखं! घराघरांत मुलींना लहानपणापासून हे शिकवलेलं आहे, आणि 'धीट व्हा, स्मार्ट बोला' असं सांगून ते जात नाही. शहरातून आलेले काही प्रशिक्षक बायकांकडून 'नमस्कार मॅडम, आमच्या स्टॉलवर आपलं स्वागत आहे' हे पाठ करून घेतात. बायका ते म्हणतातही, पण म्हणताना त्या आणखी अवघडतात, कारण ती भाषा त्यांची नाही.

म्हणून मी आधी वही काढायला लावते. थालीपिठाच्या भाजणीचा हिशेब घ्या. पाच किलो भाजणीला समजा धान्य-डाळी साडेतीनशेच्या, धने-जिरे साठ, गॅस चाळीस, दळण चाळीस, पिशव्या आणि लेबलं पन्नास. झाले पाचशे चाळीस, म्हणजे किलोला १०८ रुपये. आमच्या गटातली एक ताई ती १२० ला देत होती आणि किलोमागे बारा रुपये सुटतात म्हणून खूश होती. निवडणं, धुणं, वाळवणं, एकेक धान्य वेगळं भाजणं, गिरणीत जाऊन येणं, पाकिटं भरणं याला तिचे पाच तास जात होते. पाच किलोचे साठ रुपये, म्हणजे तासाला बारा. शेतातल्या मजुरीचा दर तिला तोंडपाठ होता. त्या दराने बारा रुपयांत ती तासभर वाकलीही नसती. वेळेचे तासाला साठ धरले तर पाच तासांचे तीनशे. मग खर्चच किलोला १६८ वर जातो, आणि त्यात प्रदर्शनाचं भाडं, एसटी, राहिलेला माल अजून आलेलाच नाही. ते सगळं धरून भाव २३० ठरला. त्या दिवशी तिने तो आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटला, कारण आता तो कुठून आला हे तिला सांगता येत होतं.

आमच्या बायकांना गणित शिकवावं लागत नाही, फक्त आपली मेहनत त्यात धरायला सांगावी लागते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायची ठरवली, तेव्हा सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी काढून दाखवतो असं अधिकाऱ्यांनाच म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

भाव ठरला की बोलायचं काय, हा प्रश्न उरतो. माझं म्हणणं असं की, जे माहीत आहे तेवढंच बोला, आणि माहीत आहे ते सगळं बोला. आमच्याकडचा इंद्रायणी तांदूळ घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेलं हे वाण, आंबेमोहोराच्या घराण्यातलं, म्हणून त्याला वास आहे. भात मऊ, चिकट होतो. नव्या तांदळाला पाणी कमी घालावं लागतं, नाहीतर गिचका होतो. हे शहरातल्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, आणि घरी भात बिघडला की ते तांदळाला नावं ठेवतं. पुण्यातल्या भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनात कुणी बिर्याणीसाठी इंद्रायणी मागितला तर स्पष्ट सांगायचं, "ताई, बिर्याणीला हा नका नेऊ, मोकळा होत नाही. वरण-भाताला न्या." असं सांगणाऱ्या बाईकडून माणूस दोन किलो वरण-भातासाठी घेऊन जातो, हे मी पाहिलंय. चटणी तिखट असेल तर मुलांना देऊ नका म्हणावं. भाजणी किती महिने टिकते ते खरं सांगावं. हे सांगताना बाई खाली बघत नाही, कारण स्वयंपाकाबद्दल ती रोजच असं बोलते.

हातात नसलेला गुण सांगायची वेळ आली की जीभ अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जत. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती उतरू देऊ नका. माल एका प्रतीचा असला की बोलणंही एकच राहतं. कुणापुढे काय लपवायचं, हे लक्षात ठेवावं लागत नाही.

खरी कसोटी गावातच लागते. महामार्गावर गाडी थांबवून उतरलेल्या अनोळखी माणसाला २३० सांगणं सोपं. नणंद येते, "घरचंच तर आहे," म्हणत दोन पाकिटं उचलते, तेव्हा काय करायचं? शेजारीण उधारी मागते आणि पुढचे तीन महिने भेटली की विषय बदलते. यावर पुस्तकी उत्तर नाही. आमच्या गटाने आपल्यापुरता एक रिवाज पाडला आहे. नात्यातल्यांसाठी भाजणीची पावशेराची वेगळी पाकिटं करायची, ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मनापासून द्यायची आणि त्यांचा खर्च वहीत 'वाण' म्हणून लिहायचा. किलोचं पाकीट मात्र सगळ्यांना एकाच भावाला, आणि उधारी गटाच्या वहीत, सगळ्यांच्या देखत. नणंदेला पैसे मागायची वेळ आली की गटाची अध्यक्ष मागते. काही नणंदा रुसल्या. दोघी आता स्वतःहून ऑनलाइन पैसे पाठवतात आणि वर दिवाळीच्या चकलीच्या भाजणीची ऑर्डर देतात.