गाठ जठरात, औषध जंतूवर

प्रतिजैविकांनी (जंतू मारणारी औषधे) पोटाचा कर्करोग बरा होतो, हे अर्धेच खरे. ते लागू पडते माल्ट लिम्फोमा या दुर्मिळ गाठीला (जठराच्या अस्तरात पांढऱ्या पेशींची संथ वाढ). हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात ठाण मांडतो आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशीच वाढत सुटतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाड घालणे थांबवले की जाळ विझतो, तसे जंतू गेल्यावर सुरुवातीच्या टप्प्यातील बहुतेक गाठी विरतात. मात्र महिने लागतात. लंडनच्या संशोधकांनी १९९३ मध्ये हे दाखवले. जठराचा नेहमीचा कर्करोग अशा गोळ्यांनी हटत नाही. गोळ्या साधारण दोन आठवड्यांच्या असतात; दुर्बिणीची तपासणी मात्र नंतरही चुकवू नका.