कपाट तेच, रंग नवा

लहान ऑफिसात सगळ्यात आधी नजरेत खुपतं ते करड्या रंगाचं लोखंडी कपाट. गोदरेजने अशी कपाटं १९२३ साली बनवायला घेतली. दणकट वस्तू, मोडीत कशाला काढायची? पॉलिश पेपरने घासावं, गंजावर रेड ऑक्साइड लावावं, वर मोरपंखी एनॅमलचे दोन हात. दोन दिवस वास राहतो, एवढंच.

भिंत एकच रंगवली तरी चालते. १० बाय १० फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण लिटरभर इमल्शन पुरतं.

खुर्च्यांसाठी मुंबईकर ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार गाठतात. तिथे बसून, चाकं फिरवून, घासाघीस करूनच सौदा करावा.

४० वॉटच्या जुन्या ट्यूबजागी २० वॉटची एलईडी लावली की उजेड तेवढाच, वीज निम्मी.