पाइनचें रान आणि हरणांची शिकार



माझा एक भाचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जियांत पुष्कळ वर्षें नोकरीस आहे. गेल्या वर्षीं त्यानें मला कळविलें कीं, अटलांटा शहराच्या दक्षिणेस ५०० एकरांचें पाइनचें रान विकावयाचें आहे. दलाल म्हणतो, झाडें आपोआप वाढतात, आणि हरणांच्या शिकारीस येणारे लोक भाडें देतात त्यांत सरकारपट्टी भागते. तरी साठविलेली शिल्लक त्यांत घालावी काय?

जन्मभर भूगोल शिकविलेल्या मास्तरास हा प्रश्न त्यानें कां विचारावा, याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक आहे. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे सागाच्या लागवडीच्या योजनांचा सुळसुळाट झाला होता. आज थोडे हजार भरा व वीस वर्षांनीं लाखांचें सागवान घ्या, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येत. मींही एका योजनेंत माझी पुंजी घातली, आणि हातीं एक सुबक छापलेला कागद तेवढा राहिला. १९९९ सालीं 'सेबी'नें अशा योजनांस नियम घातले. तोंपर्यंत माझ्यासारख्यांचें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. म्हणून भाच्याकडे गेलों असतां तें रान मीं एका जाणत्या वनतज्ज्ञाबरोबर दोन दिवस पायीं हिंडून पाहिलें.

प्रथम झाडांचा हिशेब. त्या प्रदेशांत मुख्यतः लॉब्लॉली जातीचा पाइन लावितात. एकरीं ५००-६०० रोपांनीं आरंभ होतो आणि बाराव्या ते अठराव्या वर्षांच्या दरम्यान पहिली विरळणी करितात. तींत निघालेलें बारीक लाकूड कागदाच्या लगद्यास जातें. त्यास भाव अल्प. राहिलेल्या झाडांस ऊन व ओल अधिक मिळून तीं जाड होतात, आणि पंचवीस ते पस्तीस वर्षांचीं झालीं म्हणजे फळ्या कापण्याच्या गिरणीस विकलीं जातात. खरा पैसा या जाड ओंडक्यांचा. पण तो केव्हां व किती, हें कोणीं सांगावें? १९८५ च्या एका कायद्यान्वयें सरकारनें शेतकऱ्यांस झिजलेल्या शेतांत झाडें लावण्यास पैसे दिले. तीं झाडें कापणीस येऊं लागलीं, त्याच सुमारास, म्हणजे २००८ च्या आगेमागें, तेथील घरबांधणी कोसळली व ओंडक्यांचा भाव खालीं येऊन वर्षानुवर्षें तसाच राहिला. झाड उभें ठेवून वाट पाहतां येते, हा मालकास दिलासा. परंतु ऑक्टोबर २०१८ मधील 'मायकेल' नांवाच्या चक्रीवादळानें नैर्ऋत्य जॉर्जियांत वाट पाहणारांचीं रानेंच्या रानें मोडून टाकिलीं.

आतां हरणें. तीं पांढऱ्या शेपटीचीं. आपल्या चितळासारखीं दरवर्षीं शिंगें टाकून नवीं उगविणारीं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद झाली आहे, त्यामुळें पुढील गोष्ट मला प्रथम चमत्कारिक वाटली. १९०० च्या सुमारास अमेरिकेंत हीं हरणें अवघीं पांच लाखांच्या आसपास उरलीं होतीं. आज तीं सुमारें तीन कोटि आहेत, आणि या वाढीस लागलेल्या पैशाचा मोठा भाग शिकाऱ्यांचे परवाने व बंदुका-काडतुसांवरील कर यांतून आला. हा कर १९३७ च्या कायद्यानें या कामास लाविला. मात्र रान खाजगी असलें तरी त्यांतील हरिण मालकाचें नव्हे. तें प्रजेच्या वतीनें राज्यसरकारच्या विश्वस्तपणांत असतें. शिकारीचा हंगाम व संख्या सरकार ठरवितें. मालक विकतो तो केवळ रानांत शिरण्याचा हक्क. हें भाडें पुष्कळ ठिकाणीं वर्षास एकरीं १० ते २० डॉलर येतें. त्यांत पट्टी व रस्त्याची डागडुजी निघेल, धन साठणार नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही दलालानें वाखाणलेल्या भागांत गेलों. वीस वर्षांचीं झाडें, एकदांही विरळणी न झालेलीं. भर दुपारीं आंत संध्याकाळ होती. खालीं वाळलेल्या सुयांचा गालिचा, हिरवें पान नाहीं, एक लेंडीही नाहीं. हिशेबाच्या वहींत हा भाग सर्वांत भरलेला, आणि हरणाच्या लेखीं तें वाळवंट! दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याचें रान पाहिलें. तेथें विरळणी झाली होती, आणि वनखात्यास कळवून, जाळरेषा काढून, दर दोन-तीन वर्षांनीं हिवाळ्यांत जमिनीवरचा पाचोळा जाळीत असत. गुडघाभर उंचीचीं काटेरी झुडपें, वेली, द्विदल रोपें सर्वत्र फुटलीं होतीं. वनतज्ज्ञानें एक शेंडा मला दाखविला. गाईप्रमाणें हरणासही वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात, म्हणून त्यानें खाल्लेला शेंडा फाटलेला दिसतो. सशाचा घाव सुरीनें कापल्यासारखा. (चाळीस वर्षें वर्गांत वनस्पती शिकवून मला हें ठाऊक नव्हतें.) ओढ्याकाठचे पांढरे ओक मात्र त्यानें एकही तोडूं दिले नव्हते, कारण त्यांचीं टणक फळें हरणांस फार आवडतात.

म्हणजे विरळणी दोघांसही हितकारक. पण किती, येथें वाद आहे. हरणासाठीं हवा तितका प्रकाश आंत सोडावयाचा, तर फळ्यांस योग्य झालीं असतीं अशीं कांहीं झाडें आधींच पाडावीं लागतात. दलालानें लाकडाचें पूर्ण उत्पन्न व शिकारीचें पूर्ण भाडें हीं दोन्ही एकाच एकरावर मांडलीं होतीं. खोट नेमकी येथें होती.

आणखी असें कीं, नर हरिण साधारण एका चौरस मैलांत, म्हणजे ६४० एकरांत, फिरतो. त्याचीं शिंगें पांचव्या-सहाव्या वर्षीं पूर्ण भरतात. आपण कोंवळा नर सोडला तरी कुंपणापलीकडे त्याला गोळी लागते. यास्तव शेजारी मिळून करार करितात. माद्याही माराव्या लागतात, नाहींतर कळप रानच खाऊन टाकतो. हें ऐकावयास मला जड गेलें. शिवाय हरणांना झिजवून मारणारा, औषध नसलेला एक रोग १९६७ सालीं कोलोरॅडोंत प्रथम दिसला, तो जानेवारी २०२५ मध्यें जॉर्जियांत आढळला. पुढें भाड्याचें काय होईल, हें कोण सांगणार?

भाच्यास मीं म्हटलें, "किंमत बोलण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी माग. झाडांची मोजणी तुझ्या माणसाची हवी, विकणाराची नको. सध्यां शिकारीचा पट्टा कोणाकडे, कधींपर्यंत? आणि सरकारी रस्त्यापासून रानापर्यंत जाण्याचा हक्क कागदावर आहे काय?" मोजणी झाली, दलालाच्या आंकड्याहून जाड झाडें पुष्कळच कमी भरलीं. पट्ट्याचा कागद मिळाला. आम्ही दोन्ही दिवस ज्या वाटेनें आंत गेलों, ती शेजाऱ्याच्या शेतांतून जाते, आणि तिच्या हक्काविषयीं विकणाराचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.